पुंजरसायनाच्या इनपुट फाइली व त्यांचे रंगांकन : एक चिकित्सा

पुंजरसायनशास्त्रावरील ग्रंथांत श्रोडिंगरचे समीकरण, हार्ट्री व फॉक ह्यांची पद्धती, घनता-फलनाचा सिद्धान्त ह्यांची चर्चा विस्ताराने आढळते. परंतु ह्या शास्त्रात काम करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याचा त्या समीकरणांशी प्रत्यक्ष हातमिळवणीचा प्रसंग क्वचितच येतो. तो दहा-वीस ओळींची एक फाइल लिहितो, ती महासंगणकाच्या रांगेत लावतो, आणि काही तासांनी वा दिवसांनी त्याला एक ऊर्जा, काही कंपनसंख्या किंवा एखादी रेणुरचना परत मिळते. मधले सर्व काम आज्ञावलीचे. विद्यार्थ्याचे स्वतःचे असे त्या गणितात जे काही असते, ते त्या दहा-वीस ओळींत असते. कोणता रेणू, त्यावर विद्युत्भार किती, कोणती पद्धती, कोणता बेसिस सेट, हे सर्व निर्णय तेथे लेखी नोंदले जातात. तेव्हा ह्या फाइलीला लेखन म्हणावे लागते, आणि लेखन म्हटले की त्याचे व्याकरण आले, त्याचे वाचन आले, आणि चुकीचे वाचनही आले.

हे वाचन सुकर व्हावे म्हणून एडिटरमध्ये शब्दांना निरनिराळे रंग देण्याची योजना करतात. तिला सर्वत्र सिंटॅक्स हायलायटिंग म्हणतात. ह्या लेखापुरते आपण तिला रंगांकन म्हणू. गॉशियन, ऑर्का, गेमेस, एनडब्ल्यूकेम, सीपी-टू-के अशा आज्ञावलींच्या इनपुट फाइलींसाठी अशी रंगांकने अनेकांनी हौसेने रचली आहेत व विद्यार्थी ती आनंदाने वापरतात. त्यांची चिकित्सा मात्र फारशी झालेली दिसत नाही. ती सोयीची वस्तू आहे, एवढ्यावर विषय संपतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो तेथे संपू नये. कारण मजकुराला रंग देणे म्हणजे मजकुराविषयी काही विधान करणे होय. 'हा आज्ञाशब्द आहे', 'हा आकडा आहे', 'हा भाग टीप आहे, त्याकडे यंत्र पाहणार नाही' अशी ती विधाने असतात. विधान म्हटले की ते खरे की खोटे हा प्रश्न ओघानेच येतो.

आपल्याकडील पोथ्यांतही रंग होते. शाई काळी असली तरी दंड, अध्यायसमाप्ती, 'उवाच'सारखे वक्त्याचे निर्देश हे पुष्कळदा हिंगुळाने तांबडे केलेले असत, आणि चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासून ती रद्द करीत. आजच्या बोलण्यात 'हरताळ फासणे' एवढा वाक्प्रचार मागे उरला आहे. ह्या तुलनेत दोन भेद ध्यानात घेण्यासारखे आहेत. एक असा की, ज्याने तांबडी खूण केली त्याने तो मजकूर वाचलेला असे, निदान वाचलेला असावा अशी अपेक्षा असे. दुसरा असा की, पोथीतील रंग पोथीतच असतो. ती ज्याच्या हाती जाईल त्याला तो दिसतो. इनपुट फाइलीतील रंग फाइलीत नसतोच. फाइल ही निव्वळ अक्षरांची ओळ आहे. रंग देतो तो ती उघडणारा एडिटर. म्हणून एकच फाइल एका टेबलावर हिरवी-निळी आणि शेजारच्या टेबलावर सबंध पांढरी दिसू शकते, आणि दोन्ही ठिकाणी यंत्राला कळणारा मजकूर मात्र तोच असतो.

ह्या रंगांचा उगमही भाषाभ्यासकाला रुचेल असा आहे. शब्दांना त्यांच्या व्याकरणातील स्थानानुसार, टंकलेखन चालू असतानाच, रंग देणाऱ्या आरंभीच्या एडिटरांपैकी एक म्हणजे आयबीएमच्या माइक काउलिशॉ ह्यांनी १९८५ साली रचलेला लेक्स. तो रचला गेला ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचे गणकयंत्रावर संस्करण करण्यासाठी. कोशातील नोंदीत शीर्षशब्द, व्युत्पत्ती, अवतरण हे भाग नेमके ठरलेले असतात. तेथे रंगाला अर्थ होता. पुढे १९९८ च्या पाचव्या आवृत्तीपासून व्हिममध्ये ही सोय आली, आणि आज ती नाही असा एडिटर शोधूनही सापडणार नाही. परंतु प्रसार होताना पद्धतीचे सुलभीकरण झाले. बहुतेक रंगांकने आज रेग्युलर एक्स्प्रेशनवर, म्हणजे अक्षरांच्या ठशांच्या वर्णनावर उभी आहेत. 'आकड्यासारखे दिसते ते आकडा', 'ह्या यादीतील शब्द असेल तर आज्ञाशब्द', 'ह्या चिन्हापासून ओळीच्या अंतापर्यंत टीप' अशा स्वरूपाचे हे नियम असतात. शब्दाचा चेहरा पाहून त्याची जात सांगावी, तशी ही रीत. प्रोग्रामिंगच्या रुळलेल्या भाषांत ती बव्हंशी चालून जाते. पुंजरसायनाच्या फाइलींत ती कोठे कोठे अडखळते, ते पाहू.

आरंभ दोन साध्या चिन्हांपासून करावा. गॉशियनच्या फाइलीत # ह्या चिन्हाने गणिताची मुख्य आज्ञा सुरू होते, आणि ! ह्या चिन्हापुढे जे लिहावे ती टीप समजली जाते. ऑर्कामध्ये नेमके उलट आहे. तेथे ! ने सुरू होणारी ओळ ही मुख्य आज्ञा आणि # च्या पुढे टीप. सीपी-टू-केमध्ये ही दोन्ही चिन्हे टिपेचीच. आता ज्याने 'पुंजरसायनाच्या फाइलींसाठी' म्हणून एकच सामायिक रंगांकन रचले असेल, त्याची काय अवस्था होत असेल ह्याची कल्पना करावी. जी ओळ संपूर्ण गणिताचा प्राण आहे ती करड्या, पुसट रंगात दिसेल, आणि जी नुसती आठवणीसाठी लिहिली ती ठळक दिसेल. एका भाषेतील हरताळ दुसऱ्या भाषेतील हिंगूळ ठरतो तो असा.

फाइलीच्या नावावरून आज्ञावली ओळखावी म्हटले तर तेही सोपे नाही. ऑर्का, गेमेस, सीपी-टू-के ह्या सर्वांच्या फाइली सर्रास आयएनपी ह्या एकाच प्रत्ययाच्या असतात. गॉशियनच्या फाइलींना विंडोजवर जीजेएफ आणि इतरत्र कॉम हा प्रत्यय लावण्याची रूढी आहे. व्हिमच्या नेहमीच्या मांडणीत कॉम प्रत्ययाची फाइल उघडली, तर ती व्हीएमएस ह्या जुन्या यंत्रप्रणालीच्या डीसीएल नावाच्या आज्ञाभाषेतील समजून रंगविली जाते. योगायोगाने त्या भाषेतही ! हे टिपेचेच चिन्ह असल्याने काही रंग बरोबर पडतात, आणि त्यामुळे विद्यार्थ्याला वाटते की एडिटरला गॉशियन कळते. आयएनपी प्रत्ययाच्या फाइलीची पहिली ओळ ताऱ्याच्या चिन्हाने सुरू झाली, तर तोच एडिटर तिला अबॅकस ह्या अभियांत्रिकी आज्ञावलीची फाइल मानतो. आणि ऑर्कामध्ये अणूंचे सहनिर्देशक देणारा भाग ताऱ्यानेच सुरू होतो. ह्यात एडिटरचा दोष फारसा नाही. दोष असा की रंग पडले म्हणजे ओळख पटली, असे पाहणारा समजून चालतो.

ऑर्काच्या टिपेत आणखी एक बारकावा आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. # पासून ओळीच्या अंतापर्यंत टीप, हा सर्वसाधारण नियम. परंतु त्याच ओळीत दुसरे # आले तर टीप तेथे संपते आणि पुढचा मजकूर पुन्हा जिवंत होतो. ऑर्काच्या पुस्तिकेतच तसे उदाहरण आहे : ऊर्जेच्या अभिसरणाची मर्यादा, तिच्यापुढे दोन चिन्हांत कोंडलेली टीप, आणि लगेच त्याच ओळीत घनतेच्या अभिसरणाची मर्यादा. ओळीच्या अंतापर्यंत टीप रंगविणारे रंगांकन ह्या दुसऱ्या मर्यादेला मेलेली ठरविते. एखाद्या विद्यार्थ्याने जुनी आज्ञा तात्पुरती बंद करण्यासाठी तिच्यापुढे # लिहिले आणि त्या ओळीत आधीच एक # होते, तर त्याला पडद्यावर सर्व ओळ पुसट दिसेल आणि यंत्र मात्र तिचा उत्तरार्ध वाचीत राहील. रंगाने येथे मदत केली नाही एवढेच म्हणून भागणार नाही. रंग नसता तर विद्यार्थ्याने कदाचित पुस्तिका उघडून पाहिली असती.

आता बेसिस सेटकडे वळू. रेणूतील इलेक्ट्रॉनांची कक्षके ज्या फलनांच्या बेरजेने बांधावयाची त्यांच्या संचाला बेसिस सेट म्हणतात, आणि जॉन पोपल ह्यांच्या परंपरेतील एका सर्वपरिचित संचाचे नाव ६-३१जी* असे आहे. हे एक विशेषनाम आहे. त्यातील प्रत्येक आकड्याला, आडव्या रेघेला आणि ताऱ्याला ठरलेला अर्थ आहे. तारा म्हणजे जड अणूंवर डी-प्रकारची ध्रुवण-फलने. सर्वसाधारण रंगांकन ह्या नावाचे तुकडे करते. सहा हा आकडा एका रंगात, वजाबाकीचे चिन्ह दुसऱ्या रंगात, एकतीस पुन्हा आकडा, आणि तारा म्हणजे गुणाकार. 'सहा वजा एकतीस' अशी काही क्रिया येथे चालली आहे असे ते रंग सुचवितात. ही चूक निरुपद्रवी आहे असे कोणी म्हणेल, आणि अनुभवी माणसापुरते ते खरेही आहे. नवख्या विद्यार्थ्याला मात्र तारा हा नावाचाच अवयव आहे, त्याच्या असण्या-नसण्याने उत्तर बदलते, हे शिकावयाचे असते, आणि रंग त्याला उलटे शिकवितो.

तिरप्या रेघेचीही अशीच गत आहे. गॉशियनमध्ये ती पद्धती आणि बेसिस सेट ह्यांना विलग करते. क्वांटम एस्प्रेसोमध्ये ती एकटी ओळीवर आली म्हणजे चलांचा एक गट संपतो. साय-फोरची फाइल ही बहुतांशी पायथनच असल्याने तेथे ती भागाकार असू शकते. आणि ऑर्कामधील बी३एलवायपी/जी ह्या शब्दात ती नावाचाच भाग आहे.

ह्या शेवटच्या नावापाशी थोडे थांबावे लागेल. बी३एलवायपी हे घनता-फलन रसायनशास्त्रात इतके रूढ झाले आहे की त्याचा उच्चार जवळजवळ सामान्यनामासारखा होतो. तथापि त्यातील स्थानिक सहसंबंधाचा जो अंश व्होस्को, विल्क व नुसेर ह्यांच्या सूत्रांवरून घ्यावयाचा, तो गॉशियनमध्ये त्यांच्या तिसऱ्या सूत्रावरून घेतात आणि ऑर्कामध्ये पाचव्या. म्हणून एकच शब्द दोन्हीकडे लिहिला तरी एकूण ऊर्जा जुळत नाहीत. गॉशियनचे उत्तर ऑर्कामध्ये हवे असेल तर त्या नावापुढे तिरपी रेघ व जी लिहावे लागते. दोन्ही आज्ञावलींची उत्तम रंगांकने घ्या; दोन्हींत बी३एलवायपी हा शब्द ओळखीचा म्हणून तितक्याच ठळकपणे रंगेल. शब्द ओळखणे आणि अर्थ ओळखणे ह्यांतील अंतर आपल्या साहित्यशास्त्राला नवे नाही. दोन आज्ञावलींतील ऊर्जा एकाच तक्त्यात मांडून त्यांची वजाबाकी करणाऱ्या प्रबंधात ते अंतर आकड्यांच्या रूपाने उभे राहते.

येथवरच्या विवेचनाने रंगांकन हे सर्वस्वी त्याज्य आहे असा ग्रह होऊ नये. आज्ञाशब्दांची यादी बाळगणाऱ्या रंगांकनाचा एक उघड उपयोग आहे. शब्द चुकला की तो रंगत नाही, आणि डोळा लगेच तेथे जातो. मोठ्या रांगेत सहा तास थांबून पहिल्याच सेकंदाला काम परत आले, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे ते ह्या उपयोगाला कमी लेखणार नाहीत. पण हा उपयोग नेमका कोठे होतो ते नीट पाहावे. ऑर्काच्या मुख्य ओळीत अपरिचित शब्द आला तर ऑर्का स्वतःच थांबते व तसे सांगते. गॉशियनही आज्ञेतील न कळलेल्या शब्दाला पाहून काम बंद करते. क्वांटम एस्प्रेसोला अनोळखी चल चालत नाही. म्हणजे जेथे आज्ञावली स्वतःच जागी आहे, तेथेच रंगही जागा आहे. तो वेळ वाचवितो. उत्तराचे रक्षण करीत नाही. खरा प्रश्न उरतो तो ज्या चुका आज्ञावली निमूटपणे स्वीकारते त्यांचा. त्यांना मूक चुका म्हणावे. रंगांकनाची किंमत करावयाची ती ह्या मूक चुकांच्या कसोटीवर करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अशा चुकांपैकी सर्वांत बोलके उदाहरण रिकाम्या ओळीचे आहे. गॉशियनच्या फाइलीत विभाग वेगळे करण्याचे काम रिकामी ओळ करते. आज्ञा, रिकामी ओळ, शीर्षक, रिकामी ओळ, मग विद्युत्भार व बहुलता ह्यांचे दोन आकडे, त्यांखाली अणूंचे सहनिर्देशक, आणि शेवटी पुन्हा रिकामी ओळ. शेवटची ओळ विसरणे ही तर प्रत्येक नवशिक्याची दीक्षाच आहे. पण आपण मधल्या ओळीचा विचार करू. मिथेनची फाइल आहे : एक कार्बन, चार हायड्रोजन. नकलून आणताना दुसऱ्या हायड्रोजननंतर एक रिकामी ओळ पडली. गॉशियनच्या दृष्टीने रेणू तेथेच संपला. उरलेले दोन हायड्रोजन न वाचलेल्या मजकुरात गेले. दहा इलेक्ट्रॉनांचा मिथेन आठ इलेक्ट्रॉनांचा मिथिलीन झाला, आणि आठ ही संख्या सम असल्यामुळे 'शून्य, एक' ह्या विद्युत्भार-बहुलतेला आज्ञावलीचा काही आक्षेप राहिला नाही. एकच हायड्रोजन गळाला असता तर नऊ इलेक्ट्रॉनांना ती बहुलता अशक्य म्हणून काम थांबले असते. दोन गळाले म्हणून ते चालले. बहुतेक रंगांकने ओळ-ओळ सुटी पाहतात; अक्षर आणि पुढे तीन दशांश आकडे दिसले की ती अणूची ओळ. त्यामुळे गळालेले दोन्ही हायड्रोजन इतर अणूंच्याच रंगात, मोठ्या दिमाखाने झळकत राहतात.

रिकाम्या ओळीला रंग देता येत नाही हे खरे. तीत रंगविण्यासारखे काही नसते. परंतु तिच्यानंतर येणाऱ्या मजकुराला देता येतो. रेग्युलर एक्स्प्रेशनवर उभ्या असलेल्या आजच्या सर्व प्रमुख एडिटरांत विभागाचा आरंभ व अंत सांगण्याची सोय आहेच. बहुलतेच्या ओळीपासून पहिल्या रिकाम्या ओळीपर्यंत अणूंचा विभाग, त्यापुढील मजकूर निराळा, एवढे जरी सांगितले तरी ते दोन हायड्रोजन रंगहीन होऊन चूक बोलू लागेल. हे करण्यासाठी फार मोठे कौशल्य लागत नाही. लागते ते हे की, रंगांकन रचणाऱ्याने आज्ञाशब्दांची यादी गोळा करण्याआधी स्वतःला विचारावे : यंत्र ही फाइल कशी वाचते?

गेमेसच्या बाबतीत हीच गोष्ट स्तंभांना लागू पडते. त्या आज्ञावलीची रचना पंच-कार्डांच्या काळातली, ८० स्तंभांच्या ओळीची. तीत प्रत्येक गटाचे नाव $ ह्या चिन्हाने सुरू होते, आणि ते चिन्ह दुसऱ्याच स्तंभात असावे लागते. पहिल्या स्तंभातील एक मोकळी जागा चुकून पुसली गेली तर तो गट आज्ञावलीच्या लेखी नाहीसा होतो. गटाबाहेरचा मजकूर ही निव्वळ टीप, आणि गट सापडला नाही तर ठरलेली मूल्ये धरावयाची, हा गेमेसचा शिरस्ता. नियंत्रणाच्या गटात घनता-फलन म्हणून बी३एलवायपी लिहिले असेल आणि तो गटच वाचला गेला नाही, तर उत्तर येईल ते साध्या हार्ट्री-फॉक पद्धतीचे. ऊर्जा येईल, काम सुरळीत संपेल. ज्याने निष्पत्तीची फाइल वरपासून वाचली त्याला हे कळेल. ज्याने शेवटचा आकडा शोधून उचलला त्याला कळणार नाही. एका मोकळ्या जागेचा हा प्रश्न रंगाने सहज सोडविण्यासारखा आहे, कारण स्तंभ मोजणे हे ठशांच्या वर्णनात पूर्णपणे बसते. तरीही पहिल्या स्तंभातील $ लाही आज्ञेचा रंग देणारे रंगांकन रचणे अधिक सोपे असते, आणि घाईत तेच रचले जाते.

ह्यापुढची पायरी मात्र ठशांच्या आवाक्याबाहेरची आहे. विद्युत्भार व बहुलता हे दोन आकडे रेणूतील अणूंशी जुळतात की नाही हे पाहावयाचे तर अणुक्रमांकांची बेरीज करावी लागते, तीतून विद्युत्भार वजा करावा लागतो, आणि उरलेली संख्या सम की विषम ते बहुलतेशी ताडावे लागते. हे वाचन नव्हे, गणित आहे. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल प्रसिद्ध केल्यापासून एडिटरमागे असे गणित करणारा स्वतंत्र साहाय्यक बसविणे शक्य झाले आहे, आणि आळस हे एकच कारण सोडले तर ते न करण्याला सबळ कारण दिसत नाही. मिथेनचे वरील उदाहरण त्यानेही पकडले जाणार नाही, हे अर्थात उघड आहे. तेथे समता जुळतेच.

आणि समता जुळूनही रसायन चुकू शकते, ह्याचे ठळक उदाहरण ऑक्सिजनचा रेणू. त्यात सोळा इलेक्ट्रॉन. 'शून्य, एक' लिहा वा 'शून्य, तीन' लिहा, समता दोन्हीकडे जुळते. परंतु ह्या रेणूची मूळ अवस्था त्रिक आहे. दोन इलेक्ट्रॉन अयुग्मित असतात, आणि द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो तो त्यामुळेच. सर्वांत खालची एकक अवस्था तिच्याहून सुमारे ०.९८ इलेक्ट्रॉन-व्होल्टने, म्हणजे मोलमागे सुमारे ९४ किलोज्यूलने वर आहे, आणि 'शून्य, एक' असे लिहून मिळणारे साधे बंद-कवची वर्णन त्या एकक अवस्थेलाही न्याय देत नाही. एखाद्या ज्वलनाच्या वा ऑक्सिडीकरणाच्या अभिक्रियेची ऊर्जा काढताना ऑक्सिजनच्या फाइलीत सवयीने 'शून्य, एक' राहिले, तर आलेला आकडा निरर्थक असतो आणि दिसतो मात्र इतर आकड्यांसारखाच. जवळजवळ सर्व सेंद्रिय रेणूंसाठी 'शून्य, एक' हेच बरोबर असल्याने ही सवय लागते. येथे रंग काय करील? आकड्याला आकड्याचा रंग देईल. तो बरोबरच आहे. आणि नेमका तो बरोबर असल्यामुळे, ओळीवर 'तपासले' असा शिक्का पडल्याचा भास होतो.

स्मृतीच्या आज्ञेचा उल्लेख ओघाने करून ठेवतो. गॉशियनमधील %मेम ही सबंध कामासाठी, ऑर्कामधील %मॅक्सकोर ही प्रत्येक प्रक्रियेसाठी मेगाबाइटांत. आठ प्रक्रियांच्या कामात ऑर्कामध्ये ४००० लिहिले तर ते ३२००० होतात. % हे चिन्ह दोन्हीकडे तेच, रंगही बहुधा तोच.

मग आदर्श कोणता? सीपी-टू-के ह्या आज्ञावलीने एक मार्ग दाखविला आहे आणि तो अनुकरणीय आहे. तिच्या इनपुट भाषेतील सर्व विभाग, आज्ञाशब्द, त्यांची मूल्ये व वर्णने ही आज्ञावलीच्या मूळ लेखनातच नोंदलेली असतात, आणि ती आज्ञावली मागणी केल्यास हे सर्व व्याकरण एक्सएमएल स्वरूपात स्वतःच बाहेर काढून देते. त्याच्यावरूनच तिची संदर्भपुस्तिका तयार होते आणि त्याच्यावरूनच व्हिमसाठी रंगांकन निर्माण करण्याची साधने तिच्याबरोबर दिलेली असतात. क्वांटम एस्प्रेसोमध्येही इनपुटाची व्याख्या देणाऱ्या स्वतंत्र फाइली आहेत, आणि ईमॅक्ससाठी आंतोन कोकाल्य ह्यांनी केलेली व्यवस्था त्यांवर आधारलेली आहे. ह्या दोन्हींत रंग हा आज्ञावलीच्याच मुखातून बोलतो. तो अपुरा असेल, पण तो भलताच नसतो.

हाताने गोळा केलेल्या यादीला हा लाभ मिळत नाही, आणि काळ तिच्यावर लौकर सूड घेतो. ऑर्काच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत संख्यात्मक संकलनाच्या जाळ्यासाठी ग्रिड४, फायनलग्रिड५ असे शब्द लिहीत. २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांची जागा डेफग्रिड१, डेफग्रिड२, डेफग्रिड३ ह्यांनी घेतली. २०२४ साली सहावी आवृत्ती आली. चौथ्या आवृत्तीच्या काळी रचलेले आणि मागे तसेच पडून राहिलेले रंगांकन आजही जुन्या शब्दाला मान्यतेचा रंग देते आणि नव्या, योग्य शब्दाकडे संशयाने पाहते. ज्येष्ठ विद्यार्थ्याकडून फाइल घेऊन तीतील रेणू तेवढा बदलण्याची जी प्रथा आपल्या प्रयोगशाळांत रूढ आहे, तिला अशा रंगांकनाने दुजोरा मिळतो.

रंग किती असावेत हाही प्रश्न आहे. उपलब्ध रंगांकनांपैकी पुष्कळांत पद्धतीला एक, फलनाला दुसरा, बेसिस सेटला तिसरा, मूलद्रव्यांना चौथा अशी रंगपंचमी असते. इतक्या रंगांत डोळा काहीच वेचून घेत नाही, आणि ज्यांना तांबडा-हिरवा भेद दिसत नाही त्यांना तर निम्मी योजना व्यर्थच. प्रस्तुत लेखकाला पुरेसे वाटतात ते भेद चारच : यंत्र वाचणार तो मजकूर व न वाचणार तो मजकूर, विभागांच्या सीमा, रंगांकनाला ठाऊक नसलेला शब्द, जो चूक म्हणून लाल न करता केवळ अनोळखी म्हणून दाखवावा, आणि विद्युत्भार-बहुलतेची ओळ, जी इतर सर्व आकड्यांहून वेगळी दिसावी, जेणेकरून नजर तेथे आपोआप अडखळेल. ऑक्सिजनच्या उदाहरणात रंग निर्णय देऊ शकत नाही. पण प्रश्न उभा करू शकतो. बाकीचे अक्षर काळेच राहिले तरी बिघडत नाही. अणूंचे सहनिर्देशक कोणत्याही रंगात वाचले तरी कोणाला कळत नाहीत. ते पाहावयाचे तर रेणूचे चित्र काढूनच पाहावे.

शेवटी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. फाइली हाताने लिहिण्याचे दिवस सरत आले, अॅव्होगॅड्रो वा गॉसव्ह्यूसारखी साधने त्या आपणच लिहून देतात, मग रंगांची एवढी चिकित्सा कशाला? पुण्यात श्रीधर गद्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ पासून विकसित केलेली रेणू-शिवणकामाची पद्धती पाहिली तर हा आक्षेप अधिकच सबळ वाटतो : प्रचंड रेणूचे एकमेकांवर पसरलेले तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्याचे गणित स्वतंत्रपणे करून उत्तरे पुन्हा शिवावयाची. तेथे तुकड्यागणिक निराळी फाइल लागते, आणि इतक्या फाइली माणूस लिहीत नाही, वाचीतही नाही. परंतु लिहिणारा जितका दूर जातो तितकी वाचण्याची जबाबदारी वाढते. यंत्राने लिहिलेल्या शेकडो फाइलींतील एखादी जेव्हा अडते आणि विद्यार्थी ती उघडून बसतो, तेव्हा ती त्याने प्रथमच पाहिलेली असते. तीत काय असावे ह्याची कोणतीही आठवण त्याच्या हाताशी नसते. त्या वेळी त्याच्यापुढे जे रंग असतील त्यांवरच त्याचे वाचन सुरू होते.

विभागात ज्यांना नवे रंगांकन घ्यावयाचे वा रचावयाचे असेल त्यांनी आधी चार फाइली तयार करून ठेवाव्यात : रिकामी ओळ पडलेला मिथेन, पहिल्या स्तंभात $ असलेली गेमेसची फाइल, एका ओळीत दोन # असलेली ऑर्काची फाइल, आणि 'शून्य, एक' लिहिलेला ऑक्सिजन. पहिल्या तीन फाइलींत रंगात फरक पडलाच पाहिजे. चौथीत त्या ओळीकडे नजर गेली तरी पुरे.